गाडीचा पट्टा मुलाला बसतो का? शाळकरी मुलांच्या बूस्टर सीटविषयी ग्राहकांसाठी माहिती

सस्नेह नमस्कार.

जळगावातील आमच्या कार डेकोरच्या दुकानात बूस्टर सीट घ्यायला येणारे पालक बहुधा मुलाचे वय सांगतात. आम्ही मात्र आधी उंची विचारतो, कारण गाडीतला सीट बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बसवलेला असतो. मोठ्या माणसाच्या अंगावर त्याचा खालचा पट्टा कमरेच्या हाडावर टेकतो आणि तिरपा पट्टा खांद्याच्या मधून छातीवर उतरतो, म्हणजे धक्क्याचा सगळा जोर हाडांवर जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या कमरेचे हाड अजून पुरते भरलेले नसते आणि त्याचे गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. पाय दुमडता यावेत म्हणून ते पुढे सरकून बसते, खालचा पट्टा पोटावर चढतो आणि वरचा मानेला काचतो. अशा स्थितीत गाडी धडकली, तर ज्या पट्ट्याने वाचवायचे त्यानेच आतडी, यकृत किंवा पाठीचा कणा दुखावू शकतो. बूस्टर सीट मुलाला उचलून पट्ट्याच्या योग्य जागी आणते. अमेरिकेतील अभ्यासानुसार ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये नुसत्या सीट बेल्टच्या तुलनेत बूस्टरमुळे गंभीर इजेचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो.

मुलाखाली उशी किंवा गोधडीची घडी ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यामागची माया आम्हाला समजते, पण ती घडी धक्क्याबरोबर दबते, घसरते आणि मूल पट्ट्याखालून पुढे निसटते. बूस्टरचा तळ कडक असतो आणि खालचा पट्टा मांड्यांवरच राहावा म्हणून त्याला दोन्ही बाजूंना खाचा असतात.

आजीच्या मांडीवर बसलेल्या मुलाबद्दलही स्पष्ट सांगणे भाग आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २० किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे २८० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तो कोणाच्याही हातात नसतो.

साधारण १५ किलो वजन आणि १०० सेंटिमीटर उंची झाल्यावर बूस्टर वापरता येते, पण चार वर्षांखालील मुलासाठी स्वतःचे पट्टे असलेली सीटच अधिक चांगली. मूल त्या सीटमध्ये मावते तोवर घाई करू नये. बूस्टर दोन प्रकारचे असतात, पाठ असलेले आणि बिनपाठीचे. युरोपात २०१७ पासून बिनपाठीच्या नव्या मॉडेलांना फक्त १२५ सेंटिमीटरपेक्षा उंच आणि २२ किलोहून जड मुलांसाठीच मान्यता मिळते. बिनपाठीचे स्वस्त पडते, तरी त्याहून लहान मुलासाठी आम्ही ते देत नाही. चाळीसगावहून कन्नड घाटाने किंवा धुळ्याहून नाशिककडे रात्रीचा प्रवास असेल तर मूल झोपणारच, आणि झोपेत कलंडलेली मान सावरायला पाठ आणि तिचे बाजूचे पंख हवेत. पाठीची उंची आणि खांद्याजवळची पट्ट्याची खाच मूल वाढेल तशी वर सरकवावी.

घेताना सीटवरचे लेबल वाचावे. वर्तुळातील ‘ई’ खूण आणि आर ४४ किंवा आर १२९ हा क्रमांक युरोपीय चाचणीचा असतो, तर एआयएस ०७२ हे भारतीय मानक आहे. यांपैकी काहीच छापलेले नसेल तर रंग आणि किंमत पाहून भुलू नये. अपघातातून गेलेली सीट वरून धड दिसली तरी वापरू नये, आणि कोणाची जुनी सीट घेताना तिचा इतिहास माहीत असल्याखेरीज घेऊ नये.

सीट मागच्या आसनावर ठेवावी. समोरच्या आसनावर एअरबॅग फार जोराने फुगते, म्हणून बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांची जागा मागेच. बूस्टरला कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही भाग असलेला पट्टाच लागतो. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, तेथे बूस्टर चालत नाही. पट्टा मानेला टोचतो म्हणून मुले तो काखेखालून घेतात किंवा पाठीमागे टाकतात. तसे केल्यास छाती आणि डोके मोकळे राहते, त्यामुळे हे एकदाही चालवून घेऊ नये. आयसोफिक्स (गाडीच्या सांगाड्यातील कड्यांना अडकणारे आकडे) असलेले बूस्टर जागेवर घट्ट राहते, पण मुलाला धरतो तो पट्टाच. मूल गाडीत नसतानाही रिकाम्या बूस्टरला पट्टा लावून ठेवावा, नाहीतर धक्क्यात ते उडून इतरांना लागते.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुले आईबरोबर आजोळी निघतात तेव्हा ऊन सर्वांत कडक असते. उन्हात उभ्या गाडीतले बकल कातडीला चटका देण्याइतके तापते. गाडी उभी करताना सीटवर पांढरे सुती कापड टाकावे आणि निघण्याआधी बकल स्वतःच्या हाताने तपासावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

बूस्टर कधी सोडायचे, हे मुलाला थेट गाडीच्या सीटवर बसवून पाहावे. पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे कडेवरून दुमडतात का, खालचा पट्टा मांड्यांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर येतो का, आणि सगळा प्रवास मूल तसेच बसते का? हे बहुधा १४५ ते १५० सेंटिमीटर उंचीला साधते, म्हणजे कित्येक मुलांच्या बाबतीत दहावे-अकरावे वर्ष उलटल्यावरच. प्रत्येक गाडीची सीट वेगळी असल्यामुळे खरेदीला येताना मूल आणि गाडी दोन्ही सोबत आणावीत. आम्ही बूस्टर तुमच्याच गाडीत ठेवून, मुलाला बसवून आणि पट्टा लावून दाखवतो, आणि ते नीट बसले नाही तर विकत नाही.