जर्मन निर्वासितांची गोष्ट सुरू कुठल्या सालापासून करायची?

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आणि त्यानंतर, १९४४ ते १९५० या काळात, जर्मनीच्या पूर्वेकडच्या सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया या प्रांतांतनं आणि चेकोस्लोव्हाकियातल्या सुडेटनलँडमधनं साधारण १ कोटी २० लाख जर्मन पळाले किंवा हाकलले गेले, त्यात बायका-पोरं-म्हातारेच जास्त, कारण पुरुष एकतर मेलेले नाहीतर कैदेत. ऑगस्ट १९४५ ला पॉट्सडॅमच्या परिषदेत दोस्त राष्ट्रांनी हे स्थलांतर शिस्तीत आणि माणुसकीने करा असं कागदावर लिहिलं खरं, पण त्याआधीच मे १९४५ च्या शेवटी चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातनं हजारो जर्मनांना ऑस्ट्रियाच्या सीमेकडे पायी हाकललं होतं आणि कित्येक जण वाटेतच गेले. हे दुःख खरंय, हिटलरचं नाव घेऊन ते झटकून टाकणं मला पटत नाही.

पश्चिम जर्मनीत त्यांचं स्वागतही काही गोड झालं नाही, गावचे लोक आपल्याच जर्मनांना 'पोलाक' (पोलिश लोकांसाठीची शिवी) म्हणून हिणवायचे. पण मतं लाखोंनी होती, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळं मंत्रालय आलं, १९५२ ला नुकसानभरपाईचा मोठा कायदा झाला, १९५३ ला त्यांचा पक्ष ५.९ टक्के मतं घेऊन संसदेत गेला. पूर्व जर्मनीत मात्र 'हाकललेले' हा शब्दच चालत नव्हता, तिथे ते फक्त 'स्थलांतरित'.

खरी मेख हाकललेल्यांच्या संघटनांनी १९५० ला स्टुटगार्टमध्ये काढलेल्या सनदेत आहे. सूड आणि बदला आम्ही सोडतोय असं त्यात म्हटलंय, चांगलंच आहे, पण त्याच सनदेत आपण या काळाच्या दुःखाचा सगळ्यात जास्त फटका बसलेले लोक आहोत असंही लिहिलंय, आणि ज्यूंचा एका शब्दाने उल्लेख नाही! १९३९ ला पोलंडवर हल्ला कुणी केला, तिथल्या पोलिश लोकांना घरातनं कुणी काढलं, तेही नाही. म्हणजे गोष्ट थेट १९४५ पासून सुरू. निर्वासितांचे मंत्री ओबरलेंडर १९६० ला आणि क्र्युगर १९६४ ला नाझी भूतकाळामुळेच पायउतार झाले, यावरून काय ते समजा.

पुढे १९९८ ते २०१४ हाकललेल्यांच्या मुख्य संघटनेच्या अध्यक्ष होत्या एरिका श्टाइनबाख. त्यांचा जन्म १९४३ चा, व्यापलेल्या पोलंडमधला, वडील तिथे जर्मन हवाई दलात ड्यूटीवर. १९९१ ला त्यांनी पोलंडच्या सीमा कराराविरुद्ध मत दिलं आणि २००० मध्ये बर्लिनला हकालपट्टीचं स्मारक-केंद्र हवं म्हणून मोहीम काढली, तेव्हा पोलंड का भडकला ते कळतं ना? शेवटी सरकारनेच काम हातात घेतलं आणि वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर जून २०२१ ला ते केंद्र उघडलं. जवळच आन्हाल्टर स्टेशनचे अवशेष उभे आहेत, तिथनं बर्लिनच्या हजारो ज्यूंना तेरेझिएनश्टाटच्या नाझी छावणीत पाठवलं होतं.