योरुबा संख्यापद्धती

नैर्ऋत्य नायजेरिया आणि शेजारचे बेनिन व टोगो या प्रदेशांत बोलल्या जाणाऱ्या योरुबा भाषेतील मोजणीची पारंपरिक रीत. तिचा पाया वीस आहे. विसांनी मोजणारे समाज जगात अनेक आहेत. योरुबाची खरी गंमत वजाबाकीत आहे.

एक ते दहा हे सुटे शब्द. अकरा ते चौदा दहात भर घालून होतात. पंधरा आले की दिशा उलटते: पंधरा म्हणजे पाच कमी वीस, सोळा म्हणजे चार कमी वीस. विसाला ओगुन म्हणतात. एकवीस ते चोवीस पुन्हा बेरीज, पंचविसापासून तिसातून वजाबाकी. मराठीच्या एकोणीस, एकोणतीसमध्येही एक उणा आहेच. पण आपण एकावर थांबतो, योरुबा पाचापर्यंत उणे करते.

तिसाला ऑग्बॉन हा स्वतंत्र शब्द आहे. चाळीस (ओगोजी) म्हणजे दोन विसा, साठ (ऑगॉता) तीन विसा. मधले पन्नास मात्र साठाला दहा कमी. त्यामुळे सेहेचाळीस म्हणायचे तर तीन विसांतून दहा काढून वर आणखी चार काढायचे. पुढे दोनशे (इग्बा) हे नवे एकक होते: सहाशे म्हणजे तीन इग्बा, आणि पाचशे म्हणजे त्यातून शंभर वजा. बोलणारा अर्थात दर वेळी हिशेब मांडत नाही. शब्द तयारच असतो.

ही घडण कवड्यांच्या चलनातून आली असावी, असे योरुबा प्रदेशात काम केलेल्या अडॉल्फस मान या मिशनऱ्याने 1887 मध्ये मांडले. मालदीवमधून आलेल्या कवड्या पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतके पैसा म्हणून चालत. ढिगातून पाच-पाच कवड्या ओढायच्या, अशा वीस खेपांचे शंभर आणि शंभराच्या दोन ढिगल्यांचे दोनशे करायचे, ही मोजण्याची पद्धत त्याने नोंदवली आहे. वीस हजारांसाठीचा ऑके हा शब्द तर कवड्यांच्या पोत्याचाच. या तर्काने पाचाचे आणि विसाचे महत्त्व पटते. वजाबाकीची एवढी ओढ का, हे मात्र पुरते उलगडत नाही.

सोळा कवड्या टाकून कौल घेण्याच्या विधीचे नावच मेरिन्दिन्लोगुन, म्हणजे सोळा. योरुबा गुलामांबरोबर तो क्यूबा आणि ब्राझीलमध्ये पोचला. खुद्द नायजेरियात शाळेतले गणित बहुतांशी इंग्रजीतून चालते, आणि मोठे आकडे अनेक योरुबाभाषक, विशेषतः शहरांतले, इंग्रजीतच सांगतात.