एकरंगी निसर्गचित्रण : रेषापोत व जलप्रतिबिंब

एकाच रंगाच्या छटांतून, बहुधा काळ्या किंवा सेपिया शाईच्या रेषांनी, निसर्गदृश्य रेखाटण्याची पद्धती. टाक, बोरू, कुंचला आणि कोळसा ही तिची परिचित साधने. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या सीमाभागात नद्या, तलाव आणि खंदक असल्याने तिला विषयांची वाण नाही.

रेषेने पोत दाखवण्याच्या रीतीचे मूळ कोठले, याविषयी मतभेद आहेत. एक मत चीनकडे बोट दाखवते. तेथील शाईच्या डोंगरचित्रांत खडकांचा पोत दाखवणारे कुंचल्याचे ठरावीक फटकारे सुंग काळापर्यंत (९६०–१२७९) पक्के झाले होते. १९०३ च्या सुमारास जपानी चित्रकार कलकत्त्यास आले व पूर्वेकडील शाईचित्रणाचे संस्कार बंगाली चित्रकलेवर झाले हे खरे. पण त्यांतून रुजला तो मुख्यतः पातळ रंगलेपाचा, रेषेचा नव्हे. दुसरे मत युरोपीय ताम्रपट-मुद्रणाला, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून छापण्याच्या रीतीला, श्रेय देते. मुंबई इलाख्यापुरते ते अधिक सयुक्तिक वाटते, कारण १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे रेखाटन-शिक्षण ब्रिटिश वळणाचे होते, आणि बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते. त्यातही छपाईची गरज निर्णायक मानावी. लाइन ब्लॉकमध्ये, म्हणजे रेषाचित्राच्या धातूच्या छपाई-ठशामध्ये, शाई उमटते किंवा उमटत नाही. मधली करडी छटा त्याला ठाऊकच नाही. बारीक ठिपक्यांतून छटा दाखवणारा हाफटोन ब्लॉक महाग, शिवाय त्याला कागदही चांगला लागे. त्यामुळे नियतकालिकांच्या चित्रकारांना राखाडीपणा समांतर रेषांच्या दाटी-विरळीतून आणि रेषांच्या जाळीतूनच निर्माण करावा लागला.

बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) पुढे बोधचित्रकार, म्हणजे मजकुराला पूरक चित्रे काढणारे, म्हणून नावारूपास आले.

प्रतिबिंब म्हणजे सावली नव्हे. सावली सूर्याच्या जागेवर अवलंबून, तर प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या. डोळा पाण्याच्या जेवढा वर, तेवढाच खाली कल्पिला तर तेथून जे दिसेल तेच पाण्यात उमटते. म्हणून किल्ल्याच्या खंदकात तट पुरता दिसतो, पण तटामागून डोकावणारी झाडे लुप्त होऊ शकतात. पाहणाऱ्याकडे झुकलेली फांदी प्रतिबिंबात अधिक लांब भासते. उजळ वस्तू पाण्यात किंचित काळवंडते, गडद वस्तू किंचित फिकटते. पायाजवळ सरळ खाली पाहताना पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परतवते, त्यामुळे तेथे तळ दिसतो. दूरवर तेच पाणी आरशासारखे होते. लाटांमुळे प्रतिबिंब उभे ताणले जाते. ते उभ्या रेषांनी भरून मधे आडव्या कोऱ्या फटी सोडतात. नवशिका बहुधा त्या फटी नंतर पांढऱ्या रंगाने काढतो, आणि चित्र तिथेच मळते.

पोताच्या दृष्टीने गोकाकचा धबधबा लक्षणीय आहे. घटप्रभा तेथे सु. ५२ मी. खाली कोसळते, कड्याच्या वालुकाश्माचे थर आडवे, तर भेगा उभ्या, त्यामुळे रेषांची जाळी निसर्गानेच आखून दिलेली असते. खानापूरकडे मलप्रभेच्या काठी गर्द झाडी, तर निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यात उघडी शेते. पावसाळ्यात नद्या गढूळ होतात. तेव्हा पाण्यावर सावल्या स्पष्ट पडतात, प्रतिबिंबे मात्र फिकी होतात. म्हणून अशा अभ्यासाला दिवाळीनंतरचा काळ बरा.