सिंहगडाकडे तोंड केलेल्या काड्या

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की त्याच्या पलीकडे सावली पडते. म्हणून गड निवडला गेला. पुण्यातल्या अँटेना त्यामुळे सिंहगडाकडे तोंड करून बसल्या. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र बराच काळ लांबूनच ओढून आणलेल्या क्षीण चित्रावर भागवावं लागलं. छोट्या शहरांत १०० वॅटची केंद्रं भराभर उभी राहिली ती १९८३-८४ नंतर, आणि त्यांचाही पल्ला गावापासून फार लांब नसे.

त्या काळात गच्चीवर चढलेली अँटेना जपानी. सेंडाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ती जगापुढे मांडली. तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे वायर जोडलेली असते ती फक्त एका, वळवून बंद केलेल्या नळीला. मागची लांब काडी आणि पुढच्या आखूड काड्या वायरीला जोडलेल्याच नसतात. त्या नुसत्या ठरावीक अंतरावर उभ्या राहून लहरी त्या नळीकडे वळवतात. काडीची लांबी लहरीच्या अर्ध्या लांबीइतकी लागते. चॅनेल २ ते ४ चा पट्टा ४७ ते ६८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे काड्या अडीच-तीन मीटरच्या! त्यांवर कावळे बसायचे, काड्या वाकायच्या आणि खाली चित्रात मुंग्या यायच्या.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. चपटी पट्टीवायर भिजली की वर पकडलेला सिग्नल वाटेतच झिरपून जायचा. मग लोक बूस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारी डबी, आणत आणि बहुतेक जण तो टीव्हीमागे लावत. तिथे तो मुंग्याही तितक्याच मोठ्या करून दाखवी. बूस्टरची जागा वर, पाइपावर, अँटेनाला लागून. वायरीतली गळती सुरू होण्याआधी. आणि त्याच्याही आधी पाइप आणखी दहा फूट उंच करून पाहावा, असं मी आजही सांगेन.

२०२२ पर्यंत दूरदर्शनने जवळजवळ सगळी अॅनालॉग प्रक्षेपणं बंद केली. मुंबईसारख्या काही शहरांत डिजिटल प्रक्षेपण आलं, त्याच्या अँटेनाच्या काड्या जेमतेम फूटभर. सिग्नल क्षीण असला तर इथे मुंग्या येत नाहीत. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा. पूर्वी गच्चीवरून ‘आलं का?’ विचारलं की खालून ‘थोडं आलं, अजून फिरव’ असं उत्तर यायचं. आता त्या ‘थोडं आलं’साठी सेटिंगमधली सिग्नलची पट्टी बघावी लागते.