केसरीचा इतिहास आणि केसरीतला इतिहास

आधुनिक इतिहासात एम. ए. करणारे आणि वृत्तपत्रांकडे विशेष ओढा असलेले विद्यार्थी लघुप्रबंधाचा विषय ठरवून येतात, तेव्हा एक शीर्षक हमखास वाचायला मिळते: ‘केसरी आणि पुण्यातील प्लेग, एक अभ्यास’. अभ्यास केसरीचा की प्लेगचा, असे विचारले की ‘दोन्हींचा’ असे उत्तर येते आणि त्या एका उत्तरापायी पुढचे सहा महिने वाया जातात. वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणे हे एक काम आहे आणि वृत्तपत्रांच्या आधारे इतिहास लिहिणे हे दुसरे. दोन्हींसाठी तीच फाइल, तोच अंक, कधी कधी तोच परिच्छेद लागतो, म्हणून ती एकच वाटतात.

पहिल्या कामाची तोंडओळख बहुतेकांना असतेच. ६ जानेवारी १८३२ चे ‘दर्पण’, १८४१ चे ‘प्रभाकर’, १८७७ चा ‘दीनबंधु’, ४ जानेवारी १८८१ चा ‘केसरी’ ही जंत्री आपल्याकडे स्पर्धा परीक्षांनी घोटून घेतली आहे. पत्रकारितेच्या पदवीशी या विषयाचे नाते काय, हाही प्रश्न फार अवघड नाही: तेथे बातमी लिहायला शिकतात, येथे कुणीतरी लिहिलेली बातमी तपासायला.

खरी अडचण येते ती छापलेला मजकूर कशाचा पुरावा आहे, हे ठरवताना. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समितीचे काम सुरू झाले आणि गोऱ्या सोल्जरांकडून घरांच्या झडत्या होऊ लागल्या. विद्यार्थी लिहितो, ‘सोल्जर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत होते’, आणि तळटीपेत केसरीचा अंक देतो. ही तळटीप एवढेच सिद्ध करते की केसरीने तसे छापले. सोल्जर खरोखर कुठे शिरले, हे सांगायचे असेल तर ती तक्रार केसरीपर्यंत कुणी आणली, ती कोणत्या पेठेतली होती, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले होते की ऐकले होते, दुसऱ्या एखाद्या वृत्तपत्रात तिचा पडताळा मिळतो का, आणि समितीच्या अहवालात त्या दिवसांबद्दल काय आहे, हे सगळे धुंडाळावे लागते. त्यातही तो अहवाल समितीनेच आपल्या बचावाची काळजी घेऊन लिहिलेला असणार, हे विसरून चालत नाही.

हा फरक सर्वांत लख्ख दिसतो तो गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रकरणात. १८९७ साली ते हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी झडत्यांच्या वेळी स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मधून केला. परत आल्यावर त्यांना तो आरोप पुराव्याने सिद्ध करता येईना आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. प्लेगचा अभ्यासक येथे विचारतो की अत्याचार झाला होता की नव्हता. आणि माफी मागितली म्हणून तो झालाच नसेल, असा निष्कर्ष तो काढू शकत नाही, कारण अशा प्रसंगी उघड साक्ष द्यायला कोणत्या घरची बाई किंवा तिचे घरचे पुढे आले असते? वृत्तपत्रांच्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा आहे. पुण्यातल्या घरात कुजबुजलेली गोष्ट पत्रातून लंडनला जाते, मँचेस्टरच्या वृत्तपत्रात छापली जाते आणि त्याबद्दल परत हिंदुस्थानात माफी मागावी लागते, हा प्रवास कसा घडला? आरोप खरा असो वा खोटा, या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व कमी होत नाही. प्रबंध लिहिणाऱ्याने कोणता प्रश्न आपला, हे फाइल उघडण्याआधी ठरवलेले असावे.

१५ जून १८९७ चा केसरी पाहा. त्यात शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आहे आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आहे. उत्सवात कोण काय बोलले, हे शोधणाऱ्यासाठी तो अंक साधन आहे. पण त्यानंतर आठवडाभरातच, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि तोच अंक न्यायमूर्ती स्ट्रॅचींच्या कोर्टात राजद्रोहाचा पुरावा म्हणून उभा राहिला. नऊ जणांच्या ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम १२४-अ दुरुस्त केले गेले. एका अंकाने कायद्याचे शब्द बदलायला लावले, इतका तो स्वतःच घटना झाला.

‘वृत्तपत्र हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य ज्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर असते, त्यात हा भेद शेवटपर्यंत सापडत नाही. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिले होते की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत. ज्या समाजाची कैफियत छापायला जागाच नव्हती, त्याचे प्रतिबिंब त्या आरशात कोठून यावे?

माझा सर्वांत जुना राग मात्र ‘नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट्स’च्या वापरावर आहे. देशी पत्रांत काय येते, हे अधिकाऱ्यांना कळावे म्हणून सरकारी भाषांतरकारांनी इंग्रजीत केलेले हे गोषवारे. सरकारला ज्याची चिंता, ते त्यात येते; बाजारभाव, जाहिराती, नाटकाच्या खेळाची सूचना गळून पडते. सरकार काय वाचत होते, हे शोधण्यासाठी याहून चांगले साधन नाही. पण ते हाताशी आणि वाचायला सोपे, म्हणून विद्यार्थी त्यातले इंग्रजी उतारे मराठीत आणतो आणि ‘टिळक लिहितात’ म्हणून अवतरणचिन्हांत घालतो. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल स्वतःचा बचाव करताना टिळकांनी सरकारी भाषांतरालाच आव्हान दिले होते आणि आपल्या मराठी शब्दांचा अर्थ कोर्टाला फोडून सांगितला होता. असा इंग्रजीतून पुन्हा मराठीत फिरवलेला उतारा दिसला की मी प्रबंध तेथेच थांबवतो आणि विद्यार्थ्याला मूळ अंकातून तो उतारा हाताने लिहून आणायला पाठवतो.