रीमॅप केलं की कुठल्याही गाडीची पॉवर 30 टक्के वाढते का?

"कंपनीने इंजिनची ताकद दाबून ठेवलेली असते, रीमॅप केलं की कुठल्याही गाडीला 30 टक्के जादा पॉवर," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

रीमॅप म्हणजे ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या संगणकातले) इंधन, इग्निशन आणि टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाच्या) दाबाचे आकडे बदलणं. टर्बोचा दाब वाढवला की जास्त हवा आत जाते, जास्त इंधन जळतं. तिथे 20-30 टक्के वाढ खरंच मिळू शकते. बिनटर्बोच्या स्पोर्ट्स कारमध्ये असा दाब वाढवायची सोयच नसते, त्यामुळे वाढ बहुधा 5-10 टक्क्यांच्या आत.

आणि राखलेली ताकद फुकट पडून नसते. मे महिन्याच्या दुपारी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन तापतं, टाकीत कमी ऑक्टेनचं पेट्रोल असलं तर नॉकिंगचा (इंधन अवेळी आपोआप पेटून इंजिनला ठोके बसण्याचा) धोका वाढतो. ती राखीव जागा तेव्हाच कामाला येते. क्लच, गिअरबॉक्सही मूळ टॉर्कच्या (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या) हिशेबानेच बसवलेले असतात.

खात्री करायची तर रीमॅपच्या आधी आणि नंतर, त्याच डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर), त्याच पेट्रोलवर रन घ्या. दोन्ही आलेख मागून घ्या. नुसत्या वाढलेल्या पिकअपवर जाऊ नका, थ्रॉटलचा प्रतिसाद तीव्र केला तरी तसंच वाटतं. वॉरंटी शिल्लक असेल तर मी तरी थांबेन.