वडापाव तोंडात मावत नाही, तेव्हा

समजा, नेरूळ-खारघरकडच्या एखाद्या डेंटल कॉलेजात आठ-दहा मुलांच्या गटासमोर एक कागद ठेवला : ‘वय ३२. वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी कामगार. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते. हल्ली वडापाव तोंडात मावत नाही.’ बस, एवढंच. या विषयावर लेक्चर झालेलं नाही, पुस्तकातलं पानही कुणी सांगितलेलं नाही.

मुलं अंदाज बांधू लागतात. अक्कलदाढ सुजली असेल? जबड्याचा सांधा आखडला असेल? सुपारी खातो का, गुटखा खातो का? (राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी हा प्रश्न विचारावाच लागतो.) शिकण्याची ही रीत अशी : जे अडलं ते लिहून घ्यायचं, प्रत्येकाने वाचून यायचं आणि पुन्हा बसायचं.

वाचताना उलगडत जातं. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य गालाच्या आतल्या पेशींना जादा कोलॅजेन, म्हणजे धाग्यांसारखं प्रथिन, तयार करायला लावतं. सुपारीत तांबंही बरंच असतं. त्याच्या जोरावर काम करणारं एक एन्झाइम कोलॅजेनचे धागे एकमेकांना पक्के जखडून टाकतं, मग ते सहजी मोडत नाहीत. गाल ताठरतो, तोंड उघडेनासं होतं. हा सबम्युकस फायब्रोसिस. पुढे त्याचा कॅन्सरही होऊ शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. पहिल्या वर्षी घोकलेली बायोकेमिस्ट्री अशी एका माणसाच्या गालात सापडली की सहसा विसरत नाही.

आधी प्रश्न, मग वाचन ही रीत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणात आणली. स्वीडनमधल्या माल्मोच्या दंतवैद्यक शाळेने १९९० मध्ये अख्खा अभ्यासक्रमच तिच्यावर उभा केला. तिने मार्क वाढतात, असं मात्र नाही. १९९३ मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या अभ्यासांचे मोठे आढावे निघाले, त्यांत ही मुलं मूलभूत विषयांच्या परीक्षेत कधीकधी थोडी मागेच दिसली. रुग्ण तपासण्यात मात्र बरोबरीची किंवा सरस. मला हा सौदा मान्य आहे.

खरी अडचण शिक्षकांची. शंभरच्या बॅचचे दहा गट, म्हणजे दहा शिक्षक हवेत. तेही उत्तर ठाऊक असताना गप्प बसू शकणारे, आणि त्यासाठी त्यांनाच आधी शिकवावं लागतं.

तरी आधी प्रश्न, मग वाचन ही सवय लागायलाच हवी असं मला वाटतं, कारण पुढे नौपाड्यातल्या किंवा कोपरखैरण्यातल्या दवाखान्यात डॉक्टर बहुधा एकटाच असतो. तिथे कुणी त्याची परीक्षा घेत नाही, आणि औषधं, साहित्य, उपचार तर बदलतच राहतात. नोंदणीकृत दंतवैद्यांना व्याख्यानं, कार्यशाळा असतात. त्यांतले काही तास तरी या पद्धतीला द्यावेत. एका भागातल्या सहा-सात डॉक्टरांनी एकत्र बसायचं आणि प्रत्येकाने आळीपाळीने, रुग्णाची परवानगी घेऊन व नाव झाकून, स्वतःला न उलगडलेली एक केस मांडायची. उलगडलेली नव्हे.